साखळीतला कुत्रा: आधी गळपट्ट्याखाली बोट घाला

दाराशी कायम बांधलेल्या कुत्र्याचा गळपट्टा आज एकदा सोडवून बघा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. केस गेलेले, कातडी ओलसर, कुबट वास येतोय? पट्टा लगेच काढा. पावसाळ्यात अशा जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात, मग हळद लावून भागत नाही, डॉक्टरच लागतो.

साखळी खुंट्याला गुंडाळून वीतभर उरते आणि पाण्याचं भांडं हातभर लांब राहतं, हे तर रोजचंच. एप्रिलच्या उन्हात कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. सावली सरकली की तो अडकला. भिंतीजवळ किंवा ओट्यावर बांधू नका, पलीकडे उडी मारली तर फास बसतो. बांधणं टळतच नसेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर कडी सरकती ठेवा, म्हणजे निदान येरझाऱ्या घालता येतात.

जुन्नर-अकोले भागातल्या ऊसपट्ट्यात तर रात्री बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. राखणीला ठेवला म्हणता, पण त्याला पळायलाही जागा नाही. अंधार पडताच त्याला पडवीत, दार लावून घ्या.

सतत बांधलेला कुत्रा चावरा होतो आणि पहिला चावा बहुधा अंगणात खेळणाऱ्या पोरालाच बसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्ही गुन्हे आहेत. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवून आणा.