टोकन ओपन सोर्स आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका

नायट्रोकीसारख्या टोकनचं, म्हणजे गुप्त की (एन्क्रिप्शनची किल्ली) साठवणाऱ्या छोट्या यूएसबी उपकरणाचं, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कुणालाही वाचता येतं हे खरं, पण तुमच्या हातात आलेल्या पीसमध्ये तेच आहे कशावरून? म्हणून सेकंडहँड कितीही स्वस्त मिळालं तरी नको, थेट कंपनीकडूनच घ्या आणि आल्या आल्या अधिकृत अ‍ॅपमधून फर्मवेअर अपडेट करून टाका.

टोकन वापरायला लागणारं जीपीजी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं की त्याची डिजिटल सही तपासा. नुसता चेकसम (फाइल बदलली नाही ना हे पाहायचा आकडा) त्याच साइटवरून उचलून काय उपयोग, साइट हॅक झाली तर फाइल आणि चेकसम दोन्ही बदललेलं असणार ना!

मग टोकनचा पिन बदला. फॅक्टरीतून बहुतेक वेळा १२३४५६ आणि अ‍ॅडमिनचा १२३४५६७८ असतो, जगजाहीर आहे. तीनदा चुकला की ब्लॉक, अ‍ॅडमिन पिनने सोडवता येतो, पण तोही तीनदा चुकलात तर आतली की गेली.

की मी तरी नेट बंद करून कंप्युटरवर बनवतो, बॅकअप घेतो, मगच टोकनवर हलवतो, कारण हलवून सेव्ह केलं की डिस्कवरची उडते. टोकनच्या चिपमध्येच की बनवणं जास्त सेफ म्हणतात, असेलही, पण २०१७ मध्ये इन्फिनिऑन या चिप कंपनीच्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) रोका नावाचा घोळ सापडला तेव्हा चिपमध्येच बनलेल्या आरएसए प्रकारच्या की कच्च्या निघाल्या होत्या, आणि त्या लायब्ररीचा कोड बंद होता.