पेट्रोलच्या टाकीत पाणी: माझा अनुभव

ऐन पावसाळ्यात आमची १९९६ची मारुती ८०० चढाला आचके देऊन बंद पडू लागली. फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं, तर तळाशी वेगळा थर, वर पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी सामावून घेतं, पण पाणी वाढलं की त्याच्यासकट खाली बसतं आणि तेच आधी इंजिनाकडे ओढलं जातं. म्हणून वरून नवं पेट्रोल टाकून भागत नाही. मेकॅनिककडून मोकळ्या हवेत टाकी उतरवून रिकामी केली, पूर्ण वाळवली, फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला. पाणी शिरत होतं झाकणाच्या चिरलेल्या रबरातून. ते आधी बदला, नाहीतर सगळी मेहनत पहिल्याच सरीत वाया जाईल.