शिबिर संपलं, घर सुरू झालं: एकांताच्या साधनेत या चुका टाळा

दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून घरी गेलेल्या नव्या साधकाचा फोन बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. "तिथे मन किती शांत होतं हो, इथे आल्यावर सगळं गेलं." मग घरातल्या कुणाशी तरी वाजल्याची हकीकत, आणि शेवटी प्रश्न: पुढचं शिबिर कधी आहे?

गेलेलं काहीच नसतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर पहाटे चारला घंटा होते, जेवण वेळेवर ताटात येतं, मोबाईल जमा केलेला असतो आणि कुणी काही बोलत नाही. तिथे राग यायला निमित्त फारसं नव्हतं. मूळ तसंच होतं, घरी पाणी मिळताच अंकुर वर आला. साधना फुकट गेल्याची ही खूण नाही. आता काम कुठे करायचं, ते दिसू लागलंय.

दार लावलं की एकांत झाला, असं समजणं

मिगजाल नावाच्या भिक्षूने भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, विचारलं होतं, एकटा राहणारा कोणाला म्हणायचं? उत्तर असं की तृष्णा ही माणसाची सोबतीण आहे. ती बरोबर असेल तर घनदाट अरण्यातही तो दुकटाच. ती सुटली असेल तर भिक्षू, उपासक, राजे, अमात्य यांच्या गर्दीत, गावाच्या वेशीवर राहूनही तो एकटा.

खोलीचं दार लावून बसलात, पण तासभर मनात जावेशी किंवा साहेबांशी भांडण चालू राहिलं, तर खोलीत दोघं होती. अशा वेळी त्या माणसाला मनातून हाकलायला जाऊ नका. भांडण आठवताना छातीत, कपाळावर काय होतंय ते पाहा. संवेदना उठते, थोडा वेळ राहते, ओसरते. तेवढंच पाहायचं.

कार्ल्याची किंवा कान्हेरीची लेणी पाहून अनेकांना वाटतं की भिक्षू जगाकडे पाठ फिरवून डोंगरात गेले. पण कार्ले बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर आहे आणि कान्हेरी कल्याण-सोपारा या जुन्या बंदरांच्या जवळ. शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. भिक्षूला अन्न साठवून ठेवता येत नव्हतं, म्हणून भिक्षापात्र घेऊन गृहस्थांच्या दारी जावंच लागे. भिक्षूंनी आयुष्यभर अरण्यातच राहावं असा नियम करा, अशी मागणी देवदत्त या भिक्षूने केली होती. बुद्धांनी ती नाकारली. ज्याला हवं त्याने अरण्यात राहावं, ज्याला हवं त्याने गावाजवळ.

मन पिकण्याआधीच एकटं निघून जाणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, कारण ती कळकळीच्या साधकाकडूनच होते. चालिका पर्वतावर मेघिय नावाचा भिक्षू भगवंतांच्या सेवेत होता. किमिकाला नदीकाठची आंबराई त्याच्या मनात भरली आणि तिथे ध्यानाला जाऊ द्या म्हणून तो मागे लागला. भगवंत म्हणाले, थांब, मी एकटाच आहे, दुसरा भिक्षू येऊ दे. त्याने तीनदा विनवलं आणि गेला. त्या रम्य जागी त्याच्या मनात दिवसभर कामविकार, द्वेष आणि हिंसेचे विचार थैमान घालत राहिले.

परत आल्यावर भगवंतांनी त्याला, न पिकलेलं चित्त पाच गोष्टींनी पिकतं, असं समजावलं: कल्याणमित्र (धम्माच्या वाटेवरचा चांगला सोबती), शील, धम्माची बोलणी, नेटाचा प्रयत्न, प्रज्ञा. यांत पहिला कल्याणमित्र, आणि तो असेल तर बाकीच्या चारही येतात. उपाली या भिक्षूलाही त्यांनी अरण्यात जाण्यापासून थांबवलं होतं. दाखला असा दिला: सात-साडेसात हात उंच हत्ती डोहात खुशाल खेळतो, पण त्याचं पाहून ससा किंवा मांजर उतरलं तर बुडेल नाहीतर वाहून जाईल.

म्हणून शिबिरामागून शिबिरं करण्याआधी आठवड्याची सामूहिक साधना धरा. जवळ केंद्र नसेल तर एकाच सोबत्याबरोबर बसा. मानसिक आजार असेल किंवा होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिबिराच्या अर्जात खरं लिहा.

घरात मौन पाळून घरच्यांना टोचणं

हे मी स्वतः केलंय. पहिल्या शिबिरानंतर घरी अबोला धरला होता आणि त्याला आर्यमौन, म्हणजे शिबिरात पाळतात ते मौन, म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी आईने चहा ठेवता ठेवता विचारलं, "माझं काही चुकलं का रे?" आजही तो आवाज आठवतो.

नंतर वाचलं की कोसल देशातल्या काही भिक्षूंनी भांडण नको म्हणून अख्खा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, न बोलता काढला होता. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं, पण हे तर मेंढरांसारखं एकत्र राहणं झालं, असं बुद्ध म्हणाले. त्याच प्रसंगी त्यांनी पवारणा सांगितली. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने संघाला विनवायचं: माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा. शिबिरातलं मौनही दहाव्या दिवशी मैत्रीच्या साधनेनंतर, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतल्यावर, सुटतं.

आता मी रविवारी जेवणं झाल्यावर घरात हाच प्रश्न विचारतो. उत्तर ऐकताना बचाव करायचा नाही, एवढं पथ्य पाळतो.

उलटी चूक

समाजात काम करतो, मग बसायची गरज काय, असंही ऐकू येतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म लाखोंच्या सोबतीने आला. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसं आली की धम्म लागतो, हा बाबासाहेबांचा विचार मला मनापासून पटतो. पण स्वतः बुद्धही इच्छानंगलच्या वनात तीन महिने एकांतात राहिले. भिक्षान्न आणणाऱ्या एकाशिवाय कुणी जवळ यायचं नाही, असं सांगून. आणि मग परत लोकांत आले.

फोनवर विचारणाऱ्याला मी हेच सांगतो: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा. पुढच्या शिबिराची तारीख नंतर पाहू. ज्याच्याशी वाजलं, त्याच्या शेजारी आज रात्री जेवायला बसा.