दाणा बदलला, कागद तोच राहिला: अणुवीज केंद्राला केबल देताना या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या एका केबल कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी बघायचो, तेव्हाची गोष्ट. एक्सएलपीई (क्रॉस-लिंक केलेलं पॉलिइथिलीन) इन्सुलेशनचे तुकडे 135 अंशांच्या ओव्हनमध्ये 168 तास, म्हणजे बरोबर आठवडाभर ठेवायचे आणि मग ताणून बघायचे, ही नेहमीची चाचणी. त्या सोमवारी तुकडे मशीनला लावले आणि ते ताणण्याऐवजी सुक्या बोंबलासारखे कडकन तुटले. केबल तीच, ड्रॉइंग तेच, ऑपरेटरही तोच. इन्सुलेशन ज्याचं बनतं तो प्लास्टिकचा दाणा पुरवणाऱ्याला फोन केला.

"साहेब, दाणा तोच आहे. आतला एफआर तेवढा बदललाय, जुना आता येत नाही. ऑक्सिजन इंडेक्स बघा ना, उलट दोनाने वाढलाय."

एफआर म्हणजे ज्वालारोधक, आणि ऑक्सिजन इंडेक्स जितका जास्त तितका पदार्थ कमी पेटतो. दाणेवाला खोटं बोलत नव्हता. आग लावून बघितली तर नवा दाणा जुन्यापेक्षा चांगला विझत होता, फक्त म्हातारा लवकर होत होता. तो माल एका अणुवीज प्रकल्पाच्या कंत्राटदाराकडे जायचा होता, आणि तिथे केबल पहिल्या दिवशी कशी आहे याला फारशी किंमत नसते. चाळीस वर्षांनी, उष्णता आणि किरणोत्सार झेलून झाल्यावर, ती कशी असेल हे विचारतात.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये केबल, पॅनेल, ग्लँड, सील बनवणारे कितीतरी गाळे आहेत. अणुवीज केंद्राचं तारापूर तर 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यामुळे या कामाची ऑर्डर कधी ना कधी दारात येते. पुढच्या चुकांपैकी काही मी स्वतः केल्या आहेत, काही शेजारच्या गाळ्यात होताना पाहिल्या आहेत.

"ज्वालारोधक म्हणजे उगाच घातलेलं रसायन, काढलं तर काय बिघडतं?"

22 मार्च 1975 ला अमेरिकेतल्या अलाबामात, ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार केबल जिथून भिंतीपार जातात तिथे हवा गळते का हे मेणबत्ती धरून बघत होता. सीलमधल्या पॉलीयुरेथेन फोमने पेट घेतला. सोळाशेहून जास्त केबलांचं नुकसान झालं. आपल्याकडे 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, आणि आग केबलांवरून पुढे धावत गेली. पहिलं युनिट सुमारे 17 तास पूर्ण अंधारात होतं. अणुभट्टी बंद पडली तरी तिची उष्णता लगेच बंद होत नाही, ती काढायला पंप लागतात, पंपाला वीज लागते, आणि वीज केबलमधून येते. म्हणून या केबलीत ज्वालारोधक भरपूर आणि विचारपूर्वक घातलेलं असतं.

कित्येक वर्षं ते काम डेकाबीडीईने, थोडक्यात डेकाने, केलं. वजनाच्या 83 टक्के ब्रोमीन असलेली ही पांढरी भुकटी अँटिमनी ट्रायऑक्साइडच्या जोडीने टाकली की पॉलिमर सहजासहजी पेटत नाही. अडचण अशी की ती निसर्गात टिकून राहते आणि प्राण्यांच्या शरीरात साठते. अशा चिवट रसायनांवर बंदी आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात 2017 ला तिचं नाव गेलं. अमेरिकेने जानेवारी 2021 च्या नियमात तिच्या उत्पादनावर बंदी घातली, पण अणुवीज केंद्रातल्या वायर-केबलच्या इन्सुलेशनसाठी जानेवारी 2023 पर्यंत वेळ दिला. तो पुरला नाही आणि 2024 च्या सुधारणेत आणखी सवलत द्यावी लागली.

दोन वर्षं का पुरली नाहीत? आपल्याकडच्या बहुतेक चुका या प्रश्नाचं उत्तर न कळल्यामुळे होतात.

"एफआर बदलला, बाकी तेच. जुना टेस्ट रिपोर्ट चालेल."

चालत नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

सुरक्षेच्या कामातली केबल पात्र ठरते ती एका ठरलेल्या रांगेतून गेल्यावर. आधी ओव्हनमध्ये कृत्रिम म्हातारपण, मग गॅमा किरण, मग अपघातात अणुभट्टीचं पाणी निसटलं तर जी वाफ आणि दाब येईल त्या चेंबरमध्ये मुक्काम. त्यातून बाहेर आल्यावरही तिने व्होल्टेज धरलं पाहिजे. किरणांच्या डोसचा अंदाज वाशीच्या मसाला बाजाराजवळून जाणाऱ्याला पटकन येईल. मिरची-हळदीला विकिरणात सरासरी 10 किलोग्रे डोस देतात. अमेरिकेतल्या जुन्या रीतीप्रमाणे केबलला 2 मेगाग्रे, म्हणजे मसाल्याच्या दोनशेपट. तासाला 10 किलोग्रे या गतीने गेलं तरी नुसती किरणांचीच 200 तासांची बैठक.

ओव्हनमधल्या काही आठवड्यांवरून चाळीस वर्षांचा हिशेब काढायचा तर त्या पदार्थाची अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे तापमान वाढलं की तो किती वेगाने म्हातारा होतो हे सांगणारा आकडा, लागते. ती त्या विशिष्ट मिश्रणाची असते. डेका आणि अँटिमनी काढून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हा दुसरा ज्वालारोधक घातला की पॉलिमरमधली भरती बदलली, अँटिऑक्सिडंटचं वागणं बदललं, गणितातला आकडा बदलला. जुन्या रिपोर्टवर फक्त केबलचं नाव जुळतं, आतला पदार्थ नाही. आमचे बोंबील तुटले ते याच कारणाने. आमचं नशीब इतकंच की ते आमच्या ओव्हनमध्ये तुटले.

दाणेवाल्याकडून हवी ती गोष्ट एकच: ग्रेडचं नाव तेच ठेवून आतलं काहीही बदललं तर माल पाठवण्याआधी लेखी कळवायचं. पर्चेस ऑर्डरमध्ये हे वाक्य मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा. तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही. आणि प्रत्येक बॅचचा मूठभर दाणा तारखेसह ठेवून द्या. वाद झाला की तुमच्या बाजूने बोलणारं तेवढंच असतं.

"भारतात बंदी नाही, मग आपल्याला काय?"

अर्धं खरं आहे. आपल्याकडे 2018 च्या नियमांत सात चिवट रसायनांवर बंदी आली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या मान्यतेवर शिक्कामोर्तब केलं. त्यात हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन हा ब्रोमीनवाला ज्वालारोधक आहे, डेकाचे भाऊबंद पेंटा आणि ऑक्टा बीडीई आहेत, डेका नाही. करारात नवीन नाव आलं की ते भारताला आपोआप लागू होत नाही, वेगळी मान्यता द्यावी लागते. शिवाय ई-कचऱ्याच्या नियमांत यादीतल्या उपकरणांसाठी पीबीडीईची (डेका ज्या कुळातला त्या सगळ्यांची) 0.1 टक्क्याची मर्यादा आहेच.

पण दुकान बंद पडायला सरकारी बंदीच लागते असं नाही. परदेशी कारखाना एखादा पदार्थ बनवायचा थांबला की न्हावाशेव्यात कंटेनर उतरायचा थांबतो. हायपॅलॉन हे कृत्रिम रबर आठवतं? अणुकेंद्रांच्या केबलचं आवरण म्हणून त्याने कितीतरी वर्षं काढली. 2010 मध्ये ड्यूपाँटने उत्पादन बंद केलं, आणि ते काही कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. ज्यांनी पर्यायाची पात्रता आधीच करून ठेवली नव्हती त्यांची धावपळ झाली.

"रोज सर्टिफिकेट आहे, सगळं स्वच्छ."

रोज म्हणजे युरोपचा आरओएचएस नियम, विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा. त्यात दहा पदार्थ आहेत. डेका सोडून लोक ज्या डेक्लोरेन प्लस या क्लोरीनवाल्या ज्वालारोधकाकडे वळले, ते त्या दहांत नाही, पण 2023 ला स्टॉकहोम करारात गेलं. आपल्या पीव्हीसी कंपाउंडमध्ये सर्रास पडणारं सीपीडब्ल्यू, म्हणजे क्लोरिनेटेड पॅराफिन, त्यातल्या मध्यम साखळीच्या जातीचं नाव 2025 ला गेलं. तेही त्या दहांत नाही. एका बंद खोलीतून निघून पुढच्या बंद होणाऱ्या खोलीत शिरायचं, असा हा प्रकार. पर्याय निवडताना तो आज कायदेशीर आहे का एवढं पुरत नाही, त्याचं कुळ कोणतं हेही बघावं. ब्रोमीन-क्लोरीनची जड, चिवट मंडळी एकेक करून त्याच दाराने जात आहेत.

उलट टोकाचीही माणसं भेटतात, ब्रोमीन दिसला की माल परत. सर्किट बोर्डातलं टीबीबीपीए हे ब्रोमीनवालं ज्वालारोधक रेझिनशी रासायनिक बंधाने जोडलेलं असतं आणि आरओएचएसच्या मर्यादेत ते येत नाही. तो बोर्ड परत पाठवून तुम्ही फक्त स्वतःची डिलिव्हरी उशिरा करता.

एक्सआरएफ गनवर विसंबणं

एक्सआरएफ गन म्हणजे क्ष-किरण टाकून मालात कोणती मूलद्रव्यं आहेत हे दाखवणारं हातातलं यंत्र. गन एकूण ब्रोमीन सांगते, तो कोणाच्या घरचा हे सांगत नाही. आकडा जवळजवळ शून्य आला तर पीबीडीईची काळजी मिटली. आकडा मोठा आला तर नमुना जीसी-एमएसला, म्हणजे नेमका रेणू ओळखणाऱ्या लॅब चाचणीला, पाठवा. लॅबला आधी विचारा की डेकासाठी आखूड कॉलम वापरता का. हा रेणू गरम लांब कॉलममध्ये वाटेतच तुटतो आणि रिपोर्टमध्ये असलेला डेका कमी दिसतो. हे विचारलं की लॅबवाला जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव.

झीरो हॅलोजनवर गेलात, आणि नव्या तक्रारी आल्या

इथे हेतू चांगला असतो, गडबड मशीनवर होते. हॅलोजन-मुक्त (ब्रोमीन-क्लोरीन नसलेल्या) दाण्यात अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड निम्म्याहून जास्त वजनाने भरलेलं असतं.

शीथवर, म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणावर, बारीक फोड आले तर आधी दाणा वितळवणाऱ्या मशीनच्या बॅरलचं तापमान बघा. अ‍ॅल्युमिनियमवालं 200 अंशांच्या आसपास पाणी सोडू लागतं, मॅग्नेशियमवालं 300 च्या वर टिकतं. पीव्हीसीची सेटिंग सवयीने तशीच ठेवणारे ऑपरेटर मी पाहिलेत. दाणा ड्रायरमधून न काढता थेट हॉपरमध्ये ओतला तरी हेच होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारल्यावर रीडिंग पडलं तर ड्रमचं टोक बघा. एवढी भरती असलेलं आवरण पाणी ओढतं, आणि रबाळ्याच्या पावसात एंड कॅपशिवाय उघड्यावर पडलेला ड्रम आठवड्यात दमतो. गोदामात ठेवायला जागा नसेल तर निदान टोकं बंद करा.

आणि एफआर म्हणजे एफएस (फायर सर्व्हायव्हल, आगीतही चालू राहणारी) नव्हे. एफआरएलएस (ज्वालारोधक, कमी धुराची) किंवा आयएस 17048 ची हॅलोजन-मुक्त केबल आग पुढे नेत नाही, धूर कमी करते. आगीत ती वीज वाहत राहील असं कोणी म्हटलेलं नाही. त्यासाठी मायका टेपवाली, आयईसी 60331 ची केबल वेगळी. टेंडरमध्ये यांची सरमिसळ अजूनही होते, अगदी मोठमोठ्या सल्लागारांकडून.

फक्त केबलकडे बघणं

ज्वालारोधक हीट-श्रिंक स्लीव्हमध्ये असतं, सीलच्या फोममध्ये असतं, टर्बाइनच्या नियंत्रणातल्या सहजासहजी न पेटणाऱ्या तेलातही असतं. ते तेल फॉस्फेट एस्टरचं, आणि त्यातलं ट्रायझायलील फॉस्फेट युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. पीआयपी (3:1) या दुसऱ्या फॉस्फेटवर अमेरिकेने 2021 मध्ये निर्बंध आणले तेव्हा ते आपल्या मालात कुठेकुठे आहे हेच अनेक उत्पादकांना माहीत नव्हतं. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली.

त्या बोंबलाच्या बॅचचं काय झालं? अकरा ड्रम बाजूला काढले, कंत्राटदाराला कळवलं, शिव्या खाल्ल्या. दाणेवाल्याने पुढच्या महिन्यात नव्या ग्रेडला नवं नाव दिलं आणि सोबत दोन ओळींचं पत्र पाठवलं. ते पत्र मी लॅबच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. नोकरी सोडली तेव्हा तिथेच होतं.