डायनॅमिक डीएनएस लावताना या चुका टाळा

घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो म्हणून आपण डायनॅमिक डीएनएस (डीडीएनएस) लावतो: एक कायमचं नाव घ्यायचं, आणि पत्ता बदलला की ते नाव नव्या पत्त्याकडे वळवायचं. मग बाहेरगावाहून घरचा कॅमेरा, एनएएस (फाइल साठवायचं यंत्र) किंवा रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) उघडला नाही की सगळं खापर त्याच्यावरच फोडतो. क्लायंट (नवा पत्ता कळवणारा छोटा प्रोग्राम) काढून पुन्हा टाक, सर्व्हिस बदल, पासवर्ड बदल, असा उद्योग तास-दोन तास चालतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असाच बहुतेक वेळा हा प्रकार असतो. अपडेट क्लायंटचं काम खरं तर एवढंसं आहे: घराचा बाहेरचा पत्ता शोधायचा, तो मागच्यापेक्षा वेगळा असेल तर सर्व्हिसला कळवायचा आणि गप्प बसायचं. पोर्ट (आत येण्याची नंबरवार दारं) उघडे आहेत का, फायरवॉल काय करतेय, इंटरनेट कंपनीने मुळात बाहेरून पोचता येईल असा पत्ता दिलाय का, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी तीन पत्ते कागदावर लिहून काढा. पहिला, राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून दिसतो तो. दुसरा, घरच्याच वायफायवर ‘माझा आयपी कोणता’ सांगणारी एखादी साइट दाखवते तो. तिसरा, तुमच्या नावाला डीएनएसकडून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून) मिळतो तो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एनएसलुकअप आणि पुढे आपलं नाव, लिनक्सवर डिग. तिन्ही सारखे असतील तर क्लायंट निर्दोष आहे, पोर्टकडे वळा. दुसरा आणि तिसरा जुळत नसेल तर क्लायंटची चौकशी करा. पण पहिला आणि दुसराच वेगळे असतील, तर क्लायंटच्या सेटिंगमध्ये रात्र घालवून काहीही हाती लागणार नाही. आपल्याकडे हेच दुखणं जास्त भेटतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात.

पब्लिक आयपी नसताना डीडीएनएस लावणं

वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागे आहे. आयपीव्हीफोर (चार आकड्यांच्या नेहमीच्या) पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठाही आटला, आणि २०१२ मध्ये हा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवण्यात आला. एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायचा, अशी ही सोय. काही छोटे फायबरवाले १० ने सुरू होणारे पत्तेही देतात, अर्थ तोच.

अशा कनेक्शनवर क्लायंट अगदी इमानदारीत तो सामाईक पत्ता नोंदवतो. लॉगमध्ये सगळं हिरवंगार. एनएसलुकअपही उत्तर देतं. पण बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशी पोचते आणि तिथेच संपते, कारण ती कोणत्या घरासाठी आहे हे त्याला ठाऊकच नसतं. पाकिटावर सोसायटीचा पत्ता बरोबर आहे, फ्लॅट नंबर नाही, असं समजा. तुमच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही नीट केलेलं असो, तिथवर काही येतच नाही.

कस्टमर केअरला फोन करताना ‘डीडीएनएस चालत नाही’ असं सांगू नका. समोरून ‘सर, राउटर रिस्टार्ट करून बघा’ हेच येणार. ‘माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, मला पब्लिक आयपी हवा’ असं नेमक्या शब्दांत सांगा. तो स्टॅटिकच (न बदलणाराच) हवा असंही नाही. बदलता पब्लिक आयपी मिळाला तरी डीडीएनएसचं काम भागतं. काही कंपन्या फक्त स्टॅटिकच विकतात, तोही महिन्याला वेगळे पैसे घेऊन. तो घेतलात तर क्लायंटची गरजच उरत नाही. आणि दोन्ही मिळत नसतील तर आयपीव्हीफोरवर डीडीएनएसचा नाद सोडा. टेलस्केलसारखं काहीतरी वापरा, जे आतून बाहेर जोडणी करतं. त्यात एक छोटा गोंधळ होतो: टेलस्केलही आपल्या यंत्रांना त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देतं. त्यामुळे पायवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणून लगेच सीजीनॅटचं निदान करू नका. राउटरच्या पानावर काय आहे ते बघा.

एकामागे एक दोन राउटर

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होतोय? मग फायबरवाल्याने लावलेला बॉक्स स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुम्ही हौसेने आणलेला चांगला राउटर त्याच्या मागे बसलाय. इथे राउटरमधला डीडीएनएस क्लायंट हमखास फसतो, कारण तो स्वतःच्या वॅनचा पत्ता उचलून पाठवतो. काही सर्व्हिसेस तो निमूटपणे घेतातही. मग तुमच्या नावाला १९२.१६८.१.५ असं उत्तर मिळतं, आणि मित्राच्या घरून ते नाव उघडलं तर त्याच्याच घरातल्या एखाद्या यंत्राचा दरवाजा वाजतो.

खरा उपाय म्हणजे पुढचा बॉक्स ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करायचं. पण त्याआधी पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर लाइनमनकडून लिहून घ्या. आधी ब्रिज केलं आणि मग पासवर्ड शोधत बसलात तर घरातलं नेटच जाईल, आणि तेही नेमकं कोणाच्या तरी ऑनलाइन मीटिंगच्या वेळी. ब्रिज करू देत नसतील तर दोन्ही बॉक्सवर पोर्ट फॉरवर्ड करा आणि राउटरमधला क्लायंट बंद करून आतल्या एखाद्या यंत्रावर असा क्लायंट चालवा, जो बाहेरच्या साइटला विचारून पत्ता ठरवतो.

क्लायंट चुकीचा पत्ता उचलतो

लिनक्सवरच्या डीडीक्लायंटमध्ये हे हमखास होतं. पत्ता कुठून घ्यायचा हे ‘यूज’ या ओळीत लिहायचं असतं (नव्या आवृत्त्यांत ‘यूजव्हीफोर’ आणि ‘यूजव्हीसिक्स’ असे दोन वेगळे पर्याय आहेत). तिथे ‘इफ’ म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, ‘वेब’ म्हणजे बाहेरच्या साइटने सांगितलेला. राउटरच्या मागे बसलेल्या पायवर ‘इफ’ ठेवलं तर घरातलाच पत्ता जाणार, हे उघड आहे. तरी इन्स्टॉल करताना आलेल्या प्रश्नांवर एंटर मारत सुटण्याची सवय नडते.

‘वेब’ ठेवूनही पत्ता परदेशातला येत असेल तर त्या यंत्रावर व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणाहून नेट नेणारा बोगदा) चालू आहे का बघा. असेल तर क्लायंट व्हीपीएनच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता आणतो. आणि पत्ता कधी बरोबर, कधी चूक असा उलटसुलट होत असेल तर एकाच नावावर दोन क्लायंट भांडताहेत: एक पायवर, एक राउटरमध्ये, किंवा तिसराच, आई-वडिलांच्या घरी नेऊन लावलेल्या जुन्या राउटरमध्ये अजून जिवंत असलेला. एका नावाला एकच क्लायंट ठेवा.

‘सक्सेस’ दिसलं म्हणजे झालं, असं समजणं

बऱ्याच सर्व्हिसेस अजून डिनडीएनएस या जुन्या डीडीएनएस सेवेच्याच पद्धतीने बोलतात आणि एका शब्दात उत्तर देतात. ‘गुड’ म्हणजे पत्ता बदलला. ‘नोचेंज’च्या अर्थाचं ‘नोसीएचजी’ म्हणजे तोच पत्ता पुन्हा पाठवलात. ‘बॅडऑथ’ म्हणजे लॉगिन चुकलं. इथे कित्येकदा खात्याचा पासवर्ड घातलेला असतो आणि सर्व्हिसला हवी असते वेगळी गुप्त ‘की’ (किल्ली) किंवा टोकन. ‘नोहोस्ट’ म्हणजे ते नाव तुमच्या खात्यात नाही, ‘नॉटएफक्यूडीएन’ म्हणजे नाव अर्धवट लिहिलंय, शेवटपर्यंत पूर्ण लिहा. ‘अब्यूज’ आलं तर नाव अडवलं गेलंय. ‘९११’ मात्र तुमची चूक नाही, त्यांच्याकडेच बिघाड आहे. अर्धा तास थांबा.

‘अब्यूज’ ओढवून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) तोच पत्ता ढकलत राहणं. पाच मिनिटांचं अंतर घरासाठी पुष्कळ झालं. स्वतः स्क्रिप्ट लिहिली असेल तर मागचा पत्ता फाइलमध्ये ठेवा आणि बदलला तरच पाठवा. डीडीक्लायंट हेच करतो, पण त्यातूनच एक चकवा तयार होतो. तो डीएनएसला विचारत नाही. स्वतःच्या कॅश फाइलशी ताडून बघतो. तुम्ही वेबसाइटवर जाऊन नोंद हाताने बदललीत किंवा पुसलीत तर त्याला ते कळतच नाही, आणि ‘काही बदल नाही’ म्हणत तो दिवसेंदिवस शांत बसतो. अशा वेळी सर्व्हिस थांबवा, ती कॅश फाइल पुसा आणि क्लायंट एकदा डीबग आणि व्हर्बोस हे पर्याय लावून हाताने चालवा. पडद्यावर विनंती आणि उत्तर दोन्ही दिसतात, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

नाव अचानक नाहीसंच झालं असेल तर ईमेल तपासा. नो-आयपी या डीडीएनएस सेवेच्या फुकट खात्यात दर ३० दिवसांनी नाव कायम ठेवल्याची पुष्टी करावी लागते. क्लायंट रोज चालू असला तरी. आणि जुन्या डीव्हीआरच्या यादीत डिनडीएनएसचं नाव दिसलं म्हणून तिथे फुकट खातं शोधायला जाऊ नका. ती फुकट सेवा मे २०१४ मध्येच बंद झाली, मेनू मात्र तसाच राहिला.

लाइट गेली आणि आली, त्यानंतर

नेमका पत्ता बदलतो तेव्हाच क्लायंट आजारी पडतो, यात योगायोग काही नाही. लाइट गेली की राउटर बंद, पुन्हा जोडणी झाली की नवा पत्ता. त्याच वेळी पायही सुरू होतोय, आणि रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी आणून जोडावी लागते. नेटवरून वेळ मिळेपर्यंत पाय जुन्याच तारखेत जगतो, सर्व्हिसचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) अजून लागूच झालेलं नाही असं त्याला वाटतं, आणि अपडेटची विनंती पडते. जुन्या राउटरचंही तसंच. काहींचं घड्याळ सरळ १९७० वर जातं. लॉगमध्ये टीएलएस (सुरक्षित जोडणी) किंवा सर्टिफिकेटची तक्रार दिसली तर पासवर्डला हात न लावता आधी तारीख बघा. सर्व्हिस फाइलमध्ये नेटवर्क ऑनलाइन आल्यावर आणि वेळ जुळल्यावरच क्लायंट सुरू होईल असं लिहा. राउटर, फायबरचा बॉक्स आणि पाय तिघंही इन्व्हर्टरवर असतील तर निम्मा त्रास वाचतो.

आयपीव्हीसिक्सला आयपीव्हीफोरसारखं वागवणं

सीजीनॅटमध्ये अडकलेल्यांना आयपीव्हीसिक्स, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हा खरा मार्ग आहे, पण तिथे हिशेब वेगळा. प्रत्येक यंत्राचा पत्ता स्वतंत्र, त्यामुळे राउटरने स्वतःचा पत्ता नोंदवून उपयोग नाही. एनएएसचा पत्ता एनएएसनेच कळवायला हवा. पोर्ट फॉरवर्डिंग नसतं, पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते, तिथे परवानगी द्यावी लागते. विंडोज तात्पुरते पत्ते वापरतं आणि ते बदलत राहतात. नोंदवायचा तो टिकाऊ पत्ता. आणि आधी कधीतरी केलेली, आता शिळी झालेली क्वाड-ए (आयपीव्हीसिक्स पत्त्याची) नोंद तशीच राहिली असेल तर फोन आधी तिकडे धाव घेतो आणि अडखळतो. ‘घरून चालतं, मोबाइलवर लटकतं’ या तक्रारीमागे ही नोंद असू शकते.

घरातूनच तपासणं

बाहेरून चालतंय का हे घरच्या वायफायवर बसून कळत नाही. अनेक राउटरना आतून बाहेरच्या पत्त्याने पुन्हा आत येणं जमत नाही, त्यामुळे सगळं ठीक असूनही पान उघडत नाही. वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर तपासा. नुकताच बदल केला असेल तर नोंदीचा टीटीएल (पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) संपेपर्यंत जुना पत्ता दिसणारच. घरच्या नावासाठी ६० ते ३०० सेकंद ठीक.

वायरगार्ड (घरी स्वतः लावता येणारा व्हीपीएन) वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. डीएनएस बरोबर, क्लायंट बरोबर, तरी बोगदा मेलेला. कारण वायरगार्ड तुमच्या नावाचा पत्ता जोडणी सुरू होतानाच एकदा विचारतो आणि तोच धरून बसतो. फोनवर टॉगल बंद-चालू केलं की काम होतं; लिनक्सवर त्याच्या टूल्ससोबत पुन्हा पत्ता विचारणारी स्क्रिप्ट येते, ती टायमरवर लावा. क्लाउडफ्लेअरवर (डीएनएस सांभाळणारी सेवा) नाव असेल तर नारिंगी ढगाकडेही बघा. तो चालू असताना नावाला क्लाउडफ्लेअरचाच पत्ता मिळतो, आणि त्यातून वेबची वाहतूक जाते, वायरगार्ड किंवा एसएसएच नाही. ढग राखाडी करा.

सगळं चाललं, आता दार उघडंच

डीव्हीआर ‘डीएमझेड’मध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे सोडणाऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये) टाकून मोकळं होणारे कॅमेरावाले भेटतात. तसं करू देऊ नका. २१ ऑक्टोबर २०१६ ला मिराई नावाच्या बॉटनेटने ज्या कंपनीवर हल्ला चढवून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स बंद पाडल्या, ती कंपनी म्हणजे डिन, तीच डिनडीएनएसवाली. आणि हल्ला करणारी फौज होती कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची. डीव्हीआरचं पोर्ट बाहेर न उघडता घरी वायरगार्ड लावा, एकच यूडीपी पोर्ट उघडा, कॅमेरे त्यातून बघा.

क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तिची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. क्लाउडफ्लेअरची ग्लोबल की तिथे घालू नका; फक्त त्या एका झोनची (डोमेनची) डीएनएस नोंद बदलता येईल एवढंच टोकन बनवा. डकडीएनएस या डीडीएनएस सेवेच्या अपडेटच्या लिंकमध्येच टोकन असतं, त्यामुळे मदत मागताना स्क्रीनशॉट टाकण्याआधी तेवढा भाग झाका. टाकून बसला असाल तर टोकन नवं बनवा. आणि नाव ठेवताना आडनाव, सोसायटी, ‘सीसीटीव्ही’ असलं काही त्यात गुंफू नका: त्या नावासाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट घेतलंत की ते नाव सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक नोंदवहीत जातं, आणि ती कोणालाही चाळता येते.