कोंबड्यांचं खुराडं बांधताय? या चुका टाळा

कुणी नवं खुराडं दाखवायला बोलावलं की मी आधी जाळीला हात लावून बघतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी स्वस्त मिळते, हातानं वाकते, पटकन कापता येते, म्हणून लोक डोळे झाकून तीच लावतात. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्या जनावराला अडवत नाही. कोंबडी पळेल कशी याची काळजी सगळे करतात, आत कोण शिरेल याचा विचार कुणी करत नाही.

ओळखीच्या एका कुटुंबानं फार हौसेनं खुराडं बांधलं होतं. लाकूड उत्तम, छप्पर भक्कम, रंगही सुरेख. जाळी मात्र तीच. बदला म्हटलं तर उत्तर आलं, "आधी कोंबड्या तर येऊ देत, जाळीचं नंतर बघू." एका रात्री कुत्र्यानं डाव साधला. सकाळी मी गेलो तेव्हा चौकटीखालची माती उकरलेली होती आणि शेजारी जाळी दातांनी ओढून फाडलेली होती. चौकटीला ओरखडासुद्धा नव्हता. आत एकही कोंबडी जिवंत नव्हती. हे टाळता आलं असतं, म्हणूनच मला त्याचा आजही त्रास होतो.

मी अर्ध्या इंची छिद्रांची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वेल्ड केलेली ताठ जाळी वापरतो. नुसत्या स्टेपलवर भरवसा ठेवत नाही. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूनं आवळतो. तीच जाळी बाहेरच्या बाजूनं जमिनीवर दीड फूट आडवी पसरून वर माती आणि दगड टाकतो. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेला सुरुवात करतं आणि तिथे त्याच्या नखांना जाळी लागते.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. थंडी लागेल म्हणून लोक एकूण एक फट बुजवतात. अहो, कोंबडीच्या अंगावर पिसं आहेत! कोरडी थंडी ती सोसते, कोंडलेली दमट हवा नाही. श्वासातली वाफ आणि विष्ठेतला ओलावा आत साठतो, अमोनिया तयार होतो, मग डोळे चुरचुरतात आणि श्वासाचे आजार लागतात. हवेच्या खिडक्या छपराच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींवर आणि बसायच्या दांडीपेक्षा वर ठेवा, म्हणजे रात्री वारा थेट अंगावर येत नाही. त्यांनाही वेल्डमेश हवीच. पहाटे दार उघडल्यावर नाकाला झोंबलं, तर हवा कमी पडतेय किंवा खाली अंथरलेलं तूस बदलायचं राहिलंय. वरून काही भुरभुरून वास दडपू नका.

दांडी अंड्यांच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेनं माखतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. दांडीवर प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा द्या.

खुराड्यात कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात दहा, असा माझा हिशेब. चारांसाठी बांधून आठ आणणाऱ्यांनी मग टोचाटोचीची तक्रार करू नये.

दार इतकं मोठं ठेवा की खराटा घेऊन आत वाकता येईल. साफ करायला अवघड खुराडं साफ होतच नाही. लाकडाच्या सांध्यांवर नजर असू द्या. लाल गोचीड दिवसा तिथे लपते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते, त्यामुळे तपासणी रात्री टॉर्च घेऊनच करा.

पिल्लं आधी आणून खोक्यात ठेवायची आणि मग घाईघाईनं खुराडं ठोकायचं, हे मला अजिबात पटत नाही. बांधकाम पुरं झालं की छपरावर पाइपनं भरपूर पाणी सोडा आणि कुठे गळतं ते पाहा. नंतर भर उन्हात आत बसून दार लावून घ्या. जाळी नसलेल्या ज्या ज्या फटीतून उजेड येतो, तिथे खडूनं खूण करा. बोट शिरेल एवढी प्रत्येक फट बुजवून झाली, की मगच कोंबड्या आणा.