प्रोसेस सिम्युलेशन करताना या चुका टाळा

रासायनिक कारखान्यांची सिम्युलेशने, म्हणजे संगणकावर मांडलेली गणिती मॉडेले, तपासताना मला वारंवार त्याच चुका आढळतात, आणि त्यांतील सर्वांत महाग चूक पहिल्या पाच मिनिटांतच झालेली असते. नवा अभियंता घटकांची यादी भरतो, थर्मोडायनॅमिक मॉडेलसाठी (मिश्रण कसे उकळेल, कसे वागेल हे सांगणाऱ्या समीकरणांसाठी) समोर येईल तो पर्याय निवडतो आणि फ्लोशीट, म्हणजे उपकरणांचा जोडणी-आराखडा, मांडायला घेतो. गणित कन्व्हर्ज झाले, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावले, की काम झाले, असे त्याला वाटते.

एका औषधी रसायनांच्या कारखान्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सगळे ज्याला आयपीए म्हणतात ते, पाण्यापासून वेगळे करण्यासाठी जुना कॉलम (ऊर्ध्वपातनाचा मनोरा) वापरायचे ठरले. सिम्युलेशनमध्ये आदर्श मिश्रण गृहीत धरलेले होते, त्यामुळे वरून ९९ टक्के शुद्ध आयपीए मिळेल असे उत्तर आले आणि त्याच भरवशावर कॉलम सुरू झाला. तिसऱ्या रात्री मी पॅनेलवर पोहोचलो तेव्हा ऑपरेटरने लॉगबुक पुढे केले आणि म्हणाला, “साहेब, रिफ्लक्स वाढवून वाढवून दमलो, पण ८७ च्या पुढे काही जात नाही.” रिफ्लक्स म्हणजे वरच्या वाफेचा द्रव करून कॉलममध्ये परत सोडलेला भाग. ऑपरेटर बरोबर होता. आयपीए आणि पाणी यांचे रेणू एकमेकांशी आदर्श मिश्रणासारखे वागत नाहीत. वातावरणीय दाबाला वजनाने सुमारे ८७ ते ८८ टक्के आयपीए असलेले मिश्रण ८०.४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे शुद्ध आयपीएपेक्षाही कमी तापमानाला उकळते आणि वाफेचे व द्रवाचे प्रमाण सारखेच राहते. तिथे कितीही ट्रे (वाफ व द्रव एकमेकांना भेटतात ते कॉलममधील थर) वाढवले आणि कितीही स्टीम जाळली तरी साधा कॉलम पुढे सरकत नाही. अखेर सायक्लोहेक्झेन वापरून पाणी काढण्याची वेगळी पायरी जोडावी लागली.

ध्रुवीय द्रावकांसाठी एनआरटीएल किंवा युनिक्वॅकसारखे, आदर्श नसलेल्या मिश्रणांसाठीचे मॉडेल घ्यावे, हे पुस्तकी उत्तर बहुतेकांना पाठ असते. मात्र घटकांच्या एखाद्या जोडीचे सहगुणक (दोघे एकमेकांशी कसे वागतात ते सांगणारे आकडे) डेटाबँकेत नसतील आणि तो रकाना शून्य राहिला, तर एनआरटीएल त्या जोडीला गुपचूप आदर्शच मानते. म्हणून मी फ्लोशीटला हात लावण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या जोडीचा तापमान आणि मिश्रणातील प्रमाण यांचा आलेख काढतो आणि प्रसिद्ध प्रायोगिक आकड्यांशी ताडून पाहतो. याला अर्धा दिवस जातो. तेवढा धीर नसलेल्याने कॉलमच्या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेजवरचा दाब (वातावरणाच्या दाबावरचा) निरपेक्ष दाब (शून्यापासून मोजलेला) म्हणून भरणे ही दुसरी नेहमीची चूक आहे: प्रति चौरस सेंटीमीटर ३.५ किलो गेज दाबाची संपृक्त स्टीम सुमारे १४७ अंशांना असते, पण तोच आकडा निरपेक्ष म्हणून भरला तर सिम्युलेटर १३८ धरतो आणि रिबॉयलरचा (कॉलमच्या तळाशी द्रव उकळवणाऱ्या उपकरणाचा) हिशेब तिथेच चुकतो. आदर्श टप्प्यांची संख्या आणि प्रत्यक्ष ट्रेंची संख्या एकच समजू नये. हीट एक्स्चेंजर कायम स्वच्छ राहील असे धरू नये. स्थिर अवस्थेच्या मॉडेलवरून कॉलम सुरू करताना काय होईल, हे सांगायला जाऊ नये.

राहिला प्लँटच्या आकड्यांशी मॉडेल जुळवण्याचा प्रश्न, आणि इथे घाई सर्वांत जास्त होते. एका ठिकाणी मॉडेल प्लँटपेक्षा चांगले वेगळीकरण दाखवत होते, म्हणून तिथल्या तरुणाने मॉडेलमधील ट्रेची कार्यक्षमता (खरा ट्रे आदर्श टप्प्याच्या किती टक्के काम करतो तो आकडा) ४० टक्क्यांपर्यंत खाली आणली आणि आलेख सुंदर जुळवून दाखवला. मी आधी फक्त वस्तुमानाचा हिशेब मागितला, तर वरून व खालून बाहेर पडणारा माल आत येणाऱ्या फीडपेक्षा १२ टक्के जास्त निघाला. असा कॉलम जगात नसतो. आम्ही दोघे वही घेऊन फीडच्या लाइनवर गेलो. पुढच्या बंदच्या दिवशी फ्लँज (पाइपचा जोड) उघडला तेव्हा ऑरिफिस प्लेट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी बसवलेली छिद्राची चकती, उलटी बसवलेली सापडली. तिची धारदार कड, जी येणाऱ्या प्रवाहाच्या समोर हवी, ती मागच्या बाजूला गेल्यामुळे मीटर फीड कमी दाखवत होता, आणि त्या कमी फीडला खरा रिफ्लक्स मिळत असल्यामुळे मॉडेल प्रत्यक्षापेक्षा चांगले वेगळीकरण दाखवत होते. प्लेट सरळ करून फीडचा खरा आकडा दिल्यावर कार्यक्षमता ६२ टक्क्यांवर येऊन स्थिरावली.